काचेच्या हाटेलातला आग्रह

खाण्यापिण्याच्या जागांवर दर आठवड्याला लिहिणे ही नोकरी असू शकते, हे घरी कोणाला शेवटपर्यंत पटले नाही. कचेरीतही फारसे पटलेले नव्हते. महापालिका, बाजार समिती आणि न्यायालय यांच्या बातम्या करण्यात बरीच वर्षे गेल्यावर संपादकांनी एक दिवस बोलावून सांगितले, की रविवारच्या पुरवणीत अमरावती आणि अकोल्यातली चहाची हॉटेले, कॅफे आणि परमिट रूम यांवर सदर सुरू करायचे आहे. नाव ठरलेले होते : ‘बसायची जागा’. कचेरीत दारू न पिणारा एकच बातमीदार होता. तो गेला तर मजकूर घेऊन परत येण्याची शक्यता अधिक, या हिशेबाने सदर माझ्याकडे आले.

कामाचे नियम थोडे आणि साधे होते. न सांगता जायचे. ओळख द्यायची नाही. एकदा जाऊन लिहायचे नाही, दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जायचे. आणि स्वतःचे पैसे स्वतः द्यायचे. मालकाने किंवा दुसऱ्या कोणी ते दिले, तर ती फेरी बाद.

पहिले तीन नियम कुठेही पाळता येतात. चौथा वऱ्हाडात पाळणे जवळपास अशक्य आहे. इथे दोन माणसे एका टेबलावर चहा प्यायली, की पैसे कोणी द्यायचे यावर झटापट होते. मनगट धरले जाते, खिशावर हात ठेवला जातो. एक जण हात धुवायला जातो असे सांगून गल्ल्यावर पैसे देऊन येतो आणि दुसरा त्यावर मनापासून चिडतो. अलीकडे मोबाइलने पैसे देण्याची सोय झाल्यापासून झटापट कमी झाली, पण वेग वाढला. गल्ल्यावरचा बोलका डबा ‘अमुक रुपये मिळाले’ एवढेच सांगतो, कोणाकडून ते सांगत नाही. मग सगळे टेबल एकमेकांकडे संशयाने पाहते.

या चौथ्या नियमापायी एक जागा छापायची राहिली. सदरात आलेल्या कुठल्याही जागेपेक्षा ती मला जास्त आठवते. पण तिच्याकडे येण्याआधी छापून आलेल्या दोन जागांबद्दल सांगायला हवे.

पहिली अकोल्यातली एक परमिट रूम. तिथे सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या असत. प्रथम जाणाऱ्याला ती शाळेतली शिक्षा वाटे. कारण व्यावहारिक होते. शिक्षक, कारकून, सोसायटीचे सचिव, असे सगळे गिऱ्हाईक एकाच गावातले. कोणी कोणाला पाहिले नाही, तर कोणी आलेच नव्हते असे धरता येते. आत येणारा माणूस नजर जमिनीवर ठेवून येई आणि वेटरला मोठ्याने सांगे, “जेवाले आलो.” वेटर तितक्याच मोठ्याने “हौ साहेब” म्हणे आणि नेहमीचे आणून ठेवी. पुढे मालक बदलला. नव्या मालकाने उत्साहाने रंगरंगोटी केली आणि चारही भिंतींना आरसे लावले. पहिल्या संध्याकाळी मुख्याध्यापक आणि त्यांचे शिक्षक आरशातून एकमेकांकडे पाहत बसले. आठवडाभरात जागा ओस पडली. मालकाने अखेर प्रत्येक आरशावर एका खत कंपनीचे कॅलेंडर टांगले, आणि गिऱ्हाईक परत आले. ही हकीकत दोन ग्राहकांनी वेगवेगळा दुजोरा दिल्यावर छापली. दोघांनीही आपण तिथे कधी गेलो नसल्याचे सांगितले.

दुसरी जागा अकोल्याच्या जुन्या शहरातले युसूफचाचांचे चहाचे हॉटेल. पाटी नव्हती आणि कोणाला तिची गरजही वाटली नव्हती. तिथे कोणी काही मागत नसे आणि चाचा काही विचारत नसत. माणूस बाकावर टेकला, की त्याच्यापुढे चहा येई. पेला रिकामा झाला, की पुन्हा भरला जाई. थांबवायचे तर पेल्यावर बशी पालथी घालावी लागे. हे मला माहीत नव्हते, म्हणून त्या दिवशी दुपारचे जेवण गेले नाही. जाताना कारण विचारले.

“पूछने का काय कू?” चाचा म्हणाले. “आदमी बैठा, मतलब चाय. पूछा तो वो बोलताय नई होना. फिर उसकू बी चाय नई, मेरे कू बी धंदा नई. दोनों का नुकसान.”

हे वाक्य मी जसेच्या तसे छापले. त्याचे पुढे काय होणार होते, हे त्या वेळी माहीत नव्हते.

आता राहिलेली जागा. अमरावतीत विनायकराव गावंडे यांचा एक गाळा आहे. विनायकराव चांदूर बाजारकडचे, घरची काळ्या जमिनीची शेती, बोलणे थोडे. मुलगी प्राजक्ता पुण्याला कॅफेमध्ये काम करून परत आली आणि तिने हा गाळा मागितला. समोरची भिंत काढून काच लावली. चिखलदऱ्याची कॉफी आणून ती स्वतः भाजू लागली. कॅफेचे नाव इंग्रजीत होते आणि ते फक्त पाटीवर होते. लोक त्याला ‘काचेचं हाटेल’ म्हणत. विनायकराव तेही म्हणत नसत. ते ‘आपला गाळा’ म्हणत.

गाळ्याला दुसरा उमेदवार तयार होता. प्रकाशभाऊ ढोरे, कृषी केंद्रवाले. त्यांना खरिपाच्या आधी बियाण्याचे दुकान थाटायचे होते. विनायकरावांनी मुलीला अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिली. तोवर कॅफे स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर गाळा प्रकाशभाऊंना. ही सगळी माहिती मला मिळवावी लागली नाही. काचेचे हाटेल छोटे होते आणि तिथले बोलणे सगळ्यांना ऐकू येई.

मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा कॉलेजची मुले एक कॉफी मध्ये ठेवून तिच्याभोवती बसली होती. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या कपड्यातले दोन वयस्क गृहस्थ. विनायकरावांच्या गावचे, बाजाराला आलेले. प्राजक्ता त्यांच्याकडे गेली.

“काका, काय घेणार?”

“काई नोको वं माय. आत्ताच घेऊन निंगालो.”

“बरं,” प्राजक्ता हसून म्हणाली, पाण्याचे पेले ठेवले आणि गेली.

दोघे बसून राहिले. एकाने पंख्याकडे पाहिले, दुसऱ्याने कॉफी भाजायच्या यंत्राकडे. बराच वेळ गेला.

“पाह्यलं?” पहिला हळूच म्हणाला. “इचारलंच नाई.”

“इचारलं नं.”

“येकदा इचारणं म्हंजे इचारणं हाय काय?”

ते पाणी पिऊन उठले. प्राजक्ताने दारापर्यंत जाऊन “या पुन्हा” म्हटले. त्यांनी मान हलवली, पण पुन्हा यायची चिन्हे नव्हती.

बाहेरच्या वाचकांसाठी हे थोडे स्पष्ट करतो. आमच्याकडे पहिला नकार हा उत्तर नसतो, तो नमस्कार असतो. दुसऱ्या नकाराने माणूस भिडस्त असल्याचे सिद्ध होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो ‘अर्धी’ म्हणतो, आणि अर्धी म्हणजे पूर्ण. प्राजक्ता याच मातीतली, घरी पाहुण्यांना तिने शंभरदा आग्रह केला असेल. पण कामाच्या ठिकाणी माणूस नाही म्हणाला तर त्याला त्रास द्यायचा नाही, हे ती पुण्यात शिकली होती. त्यामुळे गिऱ्हाईक येत होते, बसत होते, नाही म्हणत होते, उपाशी जात होते आणि अपमान झाला असे गावात सांगत होते.

दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा विनायकराव काउंटरपाशी उभे होते.

“गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली,” ते म्हणत होते. “विनायकरावच्या पोरीनं पाणी पाजून वापस धाडलं म्हणतात.”

“बाबा, मी विचारलं होतं. ते नाही म्हणाले.”

“नाई म्हनलं म्हंजे नाई असते काय?”

“मग काय असते?”

इतक्या उघड गोष्टीला शब्द लावायची वेळ विनायकरावांवर कधी आली नव्हती. “अखजीपर्यंत पाहतो,” एवढी अक्षय तृतीयेच्या मुदतीची आठवण देऊन ते निघून गेले.

मी पैसे दिले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. तिथेच चूक झाली.

“तुम्ही ‘बसायची जागा’वाले काका ना?” प्राजक्ता म्हणाली. “कॉफीची पावती कोणी एवढी जपून नेत नाही. तुमचं सगळं वाचते मी. छापा ना आमच्यावर.”

ओळख मी दिलेली नव्हती, म्हणून जागा बाद नव्हती, पण ही फेरी बाद, असे सांगितले. पुन्हा यावे लागेल, आणि कधी येईन ते सांगता येणार नाही.

“या ना कधीही. तोवर सुधारणा करून ठेवते. ते युसूफचाचांचं वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.”

मी पावती घेऊन निघालो. बातमीदाराने बातमीत हात घालायचा नसतो.

काही दिवसांनी गेलो, तेव्हा जागा भरलेली होती. गावाकडून आलेले लोक टेबलाटेबलाला बसले होते आणि प्राजक्ता कोणालाही न विचारता प्रत्येकापुढे कॉफी ठेवत होती. वर भाजणीचा वडाही. चेहरे प्रसन्न होते. विनायकरावांच्या पोरीला वळण आहे, असे एक जण दुसऱ्याला सांगत होता. मग लोक उठू लागले. एकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरा म्हणाला, “लय समाधान झालं. बाबाले रामराम सांगजो.” एक आजी जाताना तिच्या हातावर नोट ठेवून गेल्या, कॉफीची म्हणून नव्हे, लेकीचा हात रिकामा ठेवू नये म्हणून. बाकी कोणी खिशाला हात लावला नाही.

प्राजक्ता काउंटरमागे ती एकच नोट हातात धरून उभी होती.

“यांना मी पैसे कसे मागू, काका?”

ते मागता येत नव्हते हे खरेच. चाचांच्या हॉटेलात दारातच चाचा बसत आणि तो दरवाजा धंद्याचा आहे हे सगळ्या जुन्या शहराला ठाऊक होते. इथे मात्र गावच्या माणसाला ओळखीच्या घरच्या मुलीने न मागता काही खाऊ घातले होते. त्याला पाहुणचार म्हणतात. पाहुणचाराचे पैसे देणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणे. आधी तिने आग्रह केला नाही म्हणून धंदा बसला होता, आता केला म्हणून.

अक्षय तृतीया जवळ येत होती. प्रकाशभाऊ एकदा येऊन बाहेरूनच गाळ्याची लांबी-रुंदी नजरेने मोजून गेले. काचेच्या आत प्राजक्ता कप पुसत होती. त्यांनी हात केला, तिनेही केला.

पुढची युक्ती तिची स्वतःची. ती तिने सांगितली नाही, मीच पाहिली. मी एकटा गेलो होतो आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे वळलो.

“तिथे नाही काका, इथे बसा,” म्हणत तिने मला एका अनोळखी माणसासमोर बसवले. आजूबाजूला पाहिले. एकही माणूस एकटा नव्हता. जो एकटा येई त्याला ती दुसऱ्या एकट्याच्या समोर बसवत होती. समोरच्या गृहस्थांनी विचारले, “कोणतं गाव?” मी सांगितले. त्यांच्या साळ्याची सासुरवाडी त्याच बाजूला निघाली. इतक्यात प्राजक्ता आली, तिने विचारले, आम्ही नको म्हटले. ती गेली नाही. तिने त्यांना विचारले, घरी सगळे बरे आहेत का. मग पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा. ते “अर्धी” म्हणाले.

कॉफी संपल्यावर ती आली, दोघांचे मिळून एकच बिल टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवले आणि चपळाईने निघून गेली. बिलावर एकाच वेळी दोन हात पडले.

एकटा माणूस पाहुणचार घेऊन जातो, पण दुसऱ्या माणसाच्या देखत तो पैसे दिल्याशिवाय उठू शकत नाही, हे तिने हेरले होते. दिवसभर सगळ्या टेबलांवर मनगटे धरली जात होती आणि गल्ल्यावरचा डबा सारखा बोलत होता. मी त्या गृहस्थांशी बरीच झुंज दिली. नियमाचे कारण सांगितले, ते त्यांना अपमानास्पद वाटले. अखेर त्यांनी पाणी प्यायला म्हणून उठून पैसे दिले. फेरी पुन्हा बाद झाली.

धंदा उभा राहत होता. पण विनायकरावांनी प्रकाशभाऊंना शब्द दिलेला होता आणि मुलीचे दोन चांगले आठवडे त्यापुढे त्यांना पुरेसे वाटले नाहीत. अक्षय तृतीयेच्या आदल्या दुपारी ते प्रकाशभाऊंना घेऊन बोलणी पक्की करायला आले. मी खिडकीपाशी होतो. सुदैवाने मला जोडीदार मिळालेला नव्हता.

“काच काढा लागन,” प्रकाशभाऊ बसता बसता म्हणाले. “बियाण्याच्या दुकानाले काच कायले? शटर पाहिजे.”

“काढू,” विनायकराव म्हणाले.

प्राजक्ता टेबलाशी आली. चेहऱ्यावर काही नव्हते.

“काका, काय घेणार?”

“काई नोको. दोन शब्द बोलतो अन् निंगतो.”

“काकू बऱ्या आहेत?”

“बऱ्या हायेत.”

“गुडघे?”

“थे चालूच राह्यते.”

“मग कॉफी आणते.”

“आता तू म्हनतच हायस तं… अर्धी.”

कॉफी आली. बोलणी झाली. भाडे, पाटी, शटर, सगळे ठरले. उद्याचा मुहूर्त पक्का झाला. प्राजक्ताने ते सगळे काउंटरमागून ऐकले. मग ती आली, बिल टेबलाच्या मध्यावर ठेवले आणि गेली. त्या दिवशी ती चपळाईने गेली नाही, नेहमीच्या चालीने गेली. बहुधा तिच्या मनात काही नव्हते. बिल मध्ये ठेवायचे ही आता सवय झाली होती.

दोन हात एकदम पडले.

“राहू द्या, विनायकराव.”

“तुमी राहू द्या.”

“मागच्या टायमाले तुमच्या घरी जेवलो. आज माही पाळी.”

“पाळी कायची? हात सोडा.”

“नाई सोडत.”

प्रकाशभाऊ उभे राहिले. विनायकरावही उभे राहिले. खुर्ची मागे पडली. कॉलेजच्या मुलांनी लॅपटॉप उचलून छातीशी धरले. प्रकाशभाऊंनी एका हाताने विनायकरावांचे मनगट धरले आणि दुसऱ्या हाताने पाकीट काढले. थोडे बोलणाऱ्या विनायकरावांचा आवाज एकदम चढला.

“अरे, माह्या पोरीच्या हाटेलात येऊन तू पैसे देशीन? मंग मी जिता कायले हाव?”

प्रकाशभाऊंनी मनगट सोडले.

“कोनाच्या हाटेलात?”

“माह्या पोरीच्या.”

“अन् मंग मी कोन्या गाळ्याची बोलणी करून राहिलो इतका वेळ?”

विनायकरावांनी काचेकडे पाहिले, छताकडे पाहिले, पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. चारचौघांत तोंडातून गेलेला शब्द परत घेण्याची त्यांची रीत नव्हती. आदल्या शब्दाचीही नव्हती. दोन शब्दांमध्ये माणूस कसा उभा राहतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

“बडनेरा रोडले माह्या साळ्याचा गाळा हाये,” ते शेवटी म्हणाले. “ह्याच्याहून मोठा. काच बी नाई त्याले. चाला, दाखोतो.”

प्रकाशभाऊंनी थोडा विचार केला. “शटर हाये?”

“हाये.”

“मंग आधीच काहून नाई सांगितलं, लेका?” आणि ते हसायला लागले.

प्राजक्ता काउंटरमागे पुसलेलाच कप पुन्हा पुसत होती. विनायकराव तिच्यापाशी गेले आणि बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या.

“पोरीच्या हाटेलात बाप पैसे देते काय?” प्रकाशभाऊ दारातून ओरडले.

“देतात काका,” ती म्हणाली. डोळे पुसायचे होते, पण तिने आधी सुटे पैसे परत केले.

विनायकरावांनी ते घेतले आणि माझ्याकडे बोट केले. “त्या पेपरवाल्याचेबी याच्यातच घे.”

मी उठून पुढे गेलो. माझे मला देऊ द्या, नाहीतर ही जागा छापता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

“नोका छापू,” विनायकराव म्हणाले. “पैसे तं नाई देऊ देणार.”

त्यानंतर अनेकदा गेलो. कधी समोरच्याने पैसे दिले, कधी मागच्या टेबलावरच्याने. एकदा तर कोणी दिले तेच कळले नाही. “सांगू नको म्हणाले,” एवढेच प्राजक्ता सांगे. निवृत्त होईपर्यंत एकही फेरी नियमात बसली नाही. सदर बंद झाले. अकोल्याची आरशांवरची कॅलेंडरे छापली गेली, युसूफचाचांचा चहा छापला गेला, आणि माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली जागा राहून गेली. त्याची रुखरुख आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटले, आता संपादक नाही, नियम नाही. तरी एकदा रीतसर जाऊन यावे. या वेळी बसलोच नाही. आत शिरल्याबरोबर थेट काउंटरवर गेलो, मोबाइल बाहेर काढला आणि म्हणालो, “एक कॉफी. पैसे आधी घे.”

प्राजक्ताने माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. कोणाचा तरी हात माझ्या मनगटावर पडला आणि दुसरा हात माझ्या पुढून गेला. डबा बोलला.

वळून पाहिले. पांढऱ्या सदऱ्यातला एक अनोळखी गृहस्थ. त्यांनी माझे मनगट सोडले नाही, तसेच मला टेबलाकडे नेले, समोर बसवले आणि विचारले,

“कोणतं गाव?”